हिशेबाबाहेरचे भाडे

भाड्याची मोटार ठरवताना बहुतेक घरांत दोनच प्रश्न विचारले जातात : किलोमीटरचा दर किती, आणि गाडी वातानुकूलित आहे की नाही. या दोहोंची समाधानकारक उत्तरे मिळाली की प्रवास ठरला असे समजले जाते. वस्तुतः या दोन उत्तरांत प्रवासाचा खर्च कळतो, प्रवासाची किंमत कळत नाही. खर्च खिशातून जातो आणि त्याच दिवशी संपतो. किंमत मात्र कधीकधी पुढे कित्येक वर्षे फेडावी लागते. म्हणून भाड्याच्या हिशेबात जे लिहिले जात नाही, त्याचा विचार सहलीच्या आधी करणे शहाणपणाचे ठरते.

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगडसारख्या गावात हा विचार अधिकच आवश्यक आहे. गावाला रेल्वे नाही. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग, जो पूर्वी 6 क्रमांकाचा होता आणि आता 53 क्रमांकाचा आहे, तो गाठायचा तर देवरीस जावे लागते. गाडी पकडायची तर आमगाव, गोंदिया किंवा राज्याच्या सीमेपलीकडील डोंगरगड ही स्थानके. मोठ्या शहरांत भ्रमणध्वनीवर बोट ठेवताच दारात उभी राहणारी टॅक्सी येथे नाही. येथे गाडी ठरते ती ओळखीवर. कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी मित्र, किराणा दुकानात मिळालेला एखादा क्रमांक. फोन होतो, ‘सकाळी पाचला येतो’ असे उत्तर मिळते आणि करार पूर्ण होतो. त्यात कागद नसतो, पावती नसते. केवळ विश्वास असतो. हा विश्वास मोलाचा आहे यात शंका नाही. परंतु अपघातानंतर न्यायाधिकरणापुढे तो दाखल करता येत नाही.

एका दिवसाच्या सहलीसाठी या भागात स्थळांची उणीव नाही. 1975 मध्ये घोषित झालेले नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि त्यालगतचा जुना विस्तीर्ण नवेगाव बांध, गाढवी नदीवरील इटियाडोह धरण, सालेकसा तालुक्यातील हाजरा धबधबा, माघ पौर्णिमेला गोंडी समाजाची मोठी यात्रा भरते ती कचारगडची गुहा, आणि डोंगरावर हजाराहून अधिक पायऱ्या चढून जिच्या दर्शनाला जावे लागते ती डोंगरगडची बमलेश्वरी. डोंगरगडलाच चंद्रगिरी तीर्थ आहे. तेथे 18 फेब्रुवारी 2024 रोजी आचार्य विद्यासागर महाराजांनी समाधी घेतली. तेव्हापासून विदर्भातील जैन कुटुंबांच्या एकदिवसीय प्रवासात या स्थानाला वेगळे महत्त्व आले आहे. पहाटे निघावे, दर्शन घ्यावे, सायंकाळी घरी परतावे, असा हा प्रवास. दिसायला अगदी सोपा.

सोपेपणाच्या आड जी कलमे दडलेली असतात त्यांतील पहिले म्हणजे गाडीच्या क्रमांकाच्या पाटीचा रंग. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी खाजगी वापराची. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी प्रवासी भाड्याने नेण्यासाठी नोंदलेली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तर ती ग्राहकाने स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिली जाणारी गाडी. विजेवर चालणाऱ्या गाडीची पाटी हिरवी असते. त्यावरील अक्षरे पांढरी असल्यास गाडी खाजगी आणि पिवळी असल्यास व्यावसायिक. रंगांचा हा भेद शोभेसाठी नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 66 नुसार भाडे घेऊन प्रवासी नेण्यास परवाना लागतो. परवान्याविना असा वापर केल्यास कलम 192-अ खाली पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास आणि 10,000 रुपये दंडाची तरतूद आहे. ही शिक्षा प्रवाशाला नाही, हे खरे. पण गाडी अडवली गेली तर भररस्त्यात उतरावे लागते ते प्रवाशालाच, आणि त्या वेळी सोबत बहुधा गुडघेदुखीने त्रस्त आजी आणि झोपेतून उठवलेली मुले असतात.

पांढऱ्या पाटीच्या गाडीत बसताना चालक हळूच एक सूचना देतो, हेही अनेकांच्या परिचयाचे आहे : ‘कोणी विचारलेच, तर मी तुमचा भाचा आहे असे सांगा.’ सूचना क्षुल्लक वाटते, सगळे हसतात आणि मान डोलावतात. मागच्या आसनावरील सात-आठ वर्षांचा नातू ती नीट ऐकतो. देवदर्शनाच्या वाटेवर, घरातील सर्व वडीलधाऱ्यांच्या साक्षीने, त्याला असत्याचा पहिला पाठ मिळतो. भाड्यात वाचलेल्या रुपयांच्या समोर हे कलमही मांडले पाहिजे.

दुसरे कलम विम्याचे. गाडीला विमा आहे असे मालक सांगतो, ते बहुधा खोटे नसते. प्रश्न विमा आहे की नाही हा नसून तो कशासाठी आहे हा असतो. खाजगी मोटारीच्या विमापत्रात वापराची मर्यादा स्पष्ट लिहिलेली असते. भाडे किंवा मोबदला घेऊन केलेला वापर त्यातून वगळलेला असतो. म्हणजे हप्ता भरलेला आहे, विमापत्र चालू आहे, तरीही ज्या कामासाठी गाडी त्या दिवशी धावत होती ते काम विम्याच्या बाहेरचे. गाडीच्या नुकसानीचा दावा अशा वेळी नाकारला जाऊ शकतो, आणि आतील प्रवाशांच्या भरपाईबाबत विमा कंपनी वाद उपस्थित करू शकते. परवान्याविना वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवणे हा विमा अटींचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका मालमोटारीच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्या प्रकरणात विमा कंपनीने पीडिताला भरपाई आधी द्यावी आणि नंतर ती वाहनाच्या मालकाकडून व चालकाकडून वसूल करावी, असा मार्ग कायम ठेवण्यात आला. गावातील एखाद्या तरुणाने कर्ज काढून घेतलेली एक गाडी हीच ज्याची सारी मालमत्ता, त्याच्याकडून लाखो रुपयांची वसुली म्हणजे काय, याची कल्पना कोणालाही करता येईल. ज्याला चार पैसे मिळावेत या सद्‌भावनेने भाडे दिले, तोच त्या भाड्यापायी बुडतो.

या तरुणांना दोष देऊन विषय संपत नाही. खाजगी नोंदणीची गाडी व्यावसायिक करण्यास ते का कचरतात, हेही समजून घेतले पाहिजे. व्यावसायिक गाडीचा विमा हप्ता अधिक असतो. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी गाडीची योग्यता तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. परवान्याचे शुल्क वेगळे. महिन्यातून चार-सहा भाडीच मिळणार असतील तर हा खर्च निघत नाही. लग्नसराई आणि दिवाळीनंतरचे दिवस सोडले तर अशा गावांत गाडी दारातच उभी राहते. म्हणून दर कमी ठेवायचा, कागद बाजूला ठेवायचे आणि मिळेल ते भाडे घ्यायचे, असे चक्र सुरू होते. ग्राहकाने कागद मागण्यास सुरुवात केली आणि त्याचा रास्त दर दिला, तरच हे चक्र तुटू शकते.

रास्त दर म्हणजे किती, याचा अंदाज उदाहरणाने येईल. समजा, एका दिवसात जाणे-येणे आणि फिरणे मिळून 240 किलोमीटरचा प्रवास आहे. खाजगी पाटीची गाडी 11 रुपये दराने मिळते. भाडे 2,640 रुपये होते. पिवळ्या पाटीची गाडी 14 रुपये दराने 3,360 रुपये आणि चालकाचा भत्ता 300 रुपये, असे 3,660 रुपये मागते. दोहोंतील फरक 1,020 रुपये. गाडीत चालकाखेरीज सहा प्रवासी असतील तर माणशी 170 रुपये. हे दर केवळ उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी आपल्या गावचे आकडे घालून हिशेब करावा. उत्तर थोडे इकडेतिकडे होईल, पण स्वरूप तेच राहील. माणशी 170 रुपयांत परवाना, योग्यता तपासणी, योग्य विमा आणि निर्भयपणे खरे बोलण्याचे स्वातंत्र्य विकत मिळते. डोंगरगडच्या पायथ्याशी नारळ, खेळणी आणि फराळावर याहून अधिक खर्च होतो आणि त्याची कोणी चर्चाही करीत नाही.

चिचगडहून डोंगरगडला जाणाऱ्यांसाठी परवान्याचा आणखी एक पैलू आहे. डोंगरगड छत्तीसगडमध्ये आहे. अंतर फार नसले तरी राज्याची हद्द ओलांडावी लागते. केवळ महाराष्ट्रापुरता परवाना असलेली पिवळ्या पाटीची गाडी तेथे नियमानुसार चालत नाही. त्यासाठी अखिल भारतीय पर्यटक परवाना असावा लागतो. म्हणून ‘टुरिस्ट पासिंग आहे का?’ या प्रश्नाला जोडून ‘परवाना कोठपर्यंतचा आहे?’ हेही विचारावे. वाहनाचा क्रमांक एमपरिवहन या शासकीय उपयोजनात घातला, तर नोंदणीचा प्रकार, विम्याची मुदत आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत घरबसल्या दिसते. त्यासाठी कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याची गरज पडत नाही. धनादेश वटवताना बँकेतील कर्मचारी सही ताडून पाहतो, तेव्हा तो खातेदाराचा अपमान करीत नसतो.

तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. ते म्हणजे चालकाची झोप. मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 ने प्रौढ कामगारासाठी दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास अशी मर्यादा घातली. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 91 मध्येही चालकाच्या कामाच्या तासांवर बंधन आहे. पण एक गाडी, एक मालक आणि तोच चालक, अशी जेथे स्थिती आहे तेथे तास मोजणार कोण?

लग्नसराईतील एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. पहाटे पाच वाजता गाडी दारात येते. घरातील मंडळी स्नान करून तयार आहेत. आजींनी नातवाच्या आजारपणात नवस बोललेला आहे आणि आज तो फेडायचा आहे. चालकाचे डोळे लाल दिसतात. कुटुंबप्रमुख सहज विचारतो, ‘रात्री झोप झाली ना?’ उत्तर येते, ‘झाली ना काका. वरातीचे भाडे होते, दोनला परतलो. पण सवय आहे.’ दोन ते पाच, त्यातही गाडी पुसण्यात अर्धा तास गेला. त्या क्षणी कुटुंबप्रमुखापुढे दोन मार्ग असतात. गाडीत बसावे आणि चालकाला वाटेत चहा पाजत राहावे, हा रूढ मार्ग. दुसरा मार्ग अवघड आहे. त्यात आजींची नाराजी आहे, शेजाऱ्यांचे हसणे आहे, ठरलेला मुहूर्त मोडणे आहे. ‘तू आमच्या ओसरीवर चार तास झोप. आपण नऊ-साडेनऊला निघू; दर्शनाला उशीर झाला तरी चालेल, आणि आज जमले नाही तर पुढच्या रविवारी जाऊ. आजचे भाडे तुझे कुठे जात नाही,’ असे सांगणारा कुटुंबप्रमुख क्वचितच भेटतो. यातील शेवटचे वाक्य सर्वांत आवश्यक आहे. भाडे बुडेल या भीतीनेच चालक झोप झाली असे सांगतो. ती भीती काढून घेतली तर तो खरे बोलतो.

झोपेचा झटका काही सेकंदांचाच असतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जाते. तीन सेकंद डोळा लागला तर 66 मीटर अंतर गाडी कोणाच्याही ताब्यात नसते. चहा आणि तंबाखूने जांभई थांबते, झोप थांबत नाही. तिच्यावर झोप हाच उपाय. म्हणून गाडी ठरवतानाच ‘आदल्या रात्री कोणते भाडे आहे का?’ असा सरळ प्रश्न करावा. मुक्कामाचा प्रवास असेल तर धर्मशाळेत चालकासाठीही एक खाट मागून घ्यावी. भोजनशाळेत कूपन घेताना प्रवाशांच्या संख्येत त्याचाही आकडा धरावा. कुटुंब पंख्याखाली झोपते आणि ज्याच्या हाती दुसऱ्या दिवशी साऱ्यांचे प्राण असतात तो पुढच्या आसनावर पाय दुमडून डासांशी झगडत असतो, हे दृश्य तीर्थक्षेत्रांच्या आवारात नेहमी दिसते. जीवदयेचा विचार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यांना याविषयी अधिक सांगण्याची गरज नसावी.

वेळेचे नियोजन हे चौथे कलम. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम जी कुटुंबे पाळतात त्यांच्या हाती प्रवासाचे एक उत्तम वेळापत्रक आपोआप असते. दिवस मावळण्याच्या आत मुक्कामी पोहोचायचे, एवढेच ठरवले तरी निम्मी जोखीम टळते. चिचगडच्या परिसरात हे विशेष खरे आहे. डिसेंबर 2013 मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे दोन प्रमुख भाग वेगवेगळे आहेत आणि त्यांमधील वन्यजीवांच्या ये-जा करण्याच्या मार्गातून राष्ट्रीय महामार्ग जातो. तिन्हीसांजेला आणि पहाटे रस्त्यावर चितळ, रानडुक्कर, क्वचित अस्वलही येते. चैत्रात मोहफुले पडू लागली की पहाटे माणसेही टोपल्या घेऊन रस्त्याकडेला असतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री झाडीपट्टीच्या नाटकांना गर्दी लोटते आणि अंधाऱ्या रस्त्यावरून माणसांचे घोळके परतत असतात. धानाच्या कापणीनंतर काही ठिकाणी डांबरी रस्त्यावरच पीक वाळत घातलेले असते. त्यावरून गाडी नेताना चाके घसरतात, आणि तापलेली गाडी कोरड्या तणसावर उभी केल्यास आग लागण्याचा धोका असतो.

रस्त्यावरच्या पहाटेचा आणखी एक संदर्भ आहे. साधू-साध्वींचा विहार बहुधा भल्या सकाळी, रस्त्याच्या कडेने, पायी चालतो. शुभ्र वस्त्रे धुक्यात दुरून दिसत नाहीत. विहारात भरधाव वाहनांमुळे झालेल्या दुर्घटनांनी समाजाला वारंवार व्यथित केले आहे. अशा वेळी दुःख व्यक्त करणारी आपली कुटुंबे स्वतः प्रवास करीत असताना चालकाला ‘जरा वेग वाढव, पूजेची वेळ चुकेल’ असे सांगत असतील, तर त्यांनी क्षणभर थांबून विचार करावा. पूजेला पोहोचण्यासाठी वाढवलेल्या वेगापुढे कोण चालत असेल, हे वळणापलीकडे गेल्याशिवाय कळत नाही.

गाडी उभी करणे ही बाब वरवर गौण दिसते. नवेगावात गाडी सोडताना खाण्याचे पदार्थ उघड्या खिडकीजवळ ठेवले की माकडे ती आपली मानतात. हाजरा धबधब्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात उतारावर गाडी उभी करताना हातब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला दगड लावावा. डोंगरगडला नवरात्राच्या मेळ्यात वाहने दूरवर थांबवली जातात. तेव्हा वृद्धांना कोठे उतरवायचे, चालकाने कोठे थांबायचे आणि परत कोठे भेटायचे हे उतरण्यापूर्वीच ठरवावे. गर्दीत भ्रमणध्वनी लागत नाही, म्हणून एखादे ठळक दुकान किंवा कमान खूण म्हणून निश्चित करावी. बंद मोटारीत लहान मूल किंवा झोपलेले वृद्ध माणूस ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून कधीही ठेवू नये. उन्हात बंद गाडीच्या आतील हवा काही मिनिटांतच असह्य तापते.

हीच कलमे दूरच्या प्रवासात नव्या रूपाने समोर येतात. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे राजस्थानातील जैसलमेर. रेल्वेने तेथे पोहोचायचे आणि स्थानिक गाडी भाड्याने घेऊन दोन-तीन दिवस फिरायचे, असा क्रम अनेक मराठी कुटुंबे ठेवतात. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला वाळवंट सर्वस्वी परके असते, आणि परक्या ठिकाणी माणूस प्रश्न विचारायला संकोचतो. 1156 मध्ये रावळ जैसलने वसवलेला तेथील किल्ला आजही वस्तीचा आहे आणि 2013 पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या आतील गल्ल्या पायी चालण्याच्याच आहेत. गाडी खाली सोडून चढ चढत, एकामागून एक दरवाजे ओलांडत जैन मंदिरांकडे जावे लागते. म्हणून ‘गाडी मंदिरापर्यंत जाईल’ या आश्वासनावर विसंबून राहू नये. वृद्धांसाठी वर जाण्याची सोय आधी विचारून घ्यावी. मंदिरे पाहण्याची वेळ सकाळचीच धरावी.

शहराबाहेर अमरसागर आणि तेथून पुढे लोद्रवा ही दोन्ही तीर्थे एका सकाळी होतात. लोद्रवा शहरापासून सुमारे 15 किलोमीटरवर आहे. ही भाटी राजांची जुनी राजधानी. तेथील पार्श्वनाथ मंदिराचा जीर्णोद्धार सतराव्या शतकात झाला. सम येथील वाळूच्या टेकड्या साधारण 40 किलोमीटरवर आहेत. सीमेजवळील तनोट आणि लोंगेवाला मात्र शंभर किलोमीटरहून दूर आहेत. ती एकाच दिवशी समच्या सोबत ‘बसवून देतो’ असे कोणी म्हटले, तर तो चालक स्वतःची विश्रांती आणि प्रवाशांचा निवांतपणा दोन्ही विकत आहे असे समजावे. भाड्याची साधी मोटार वाळूत नेण्याचा आग्रह धरू नये. वाऱ्याने डांबरी रस्त्यावरही वाळूचे पट्टे साचतात. त्यांवर जोराने ब्रेक दाबला तर गाडी घसरते. संध्याकाळी समहून परतताना रस्त्यावर उंट आणि गुरे असतात. काळोखात उंटाचे लांब पाय आधी दिसतात आणि धड काचेच्या उंचीवर असते.

येथे सूर्याचाही एक हिशेब आहे. जैसलमेर चिचगडच्या पश्चिमेस सुमारे साडेनऊ अंश रेखांश आहे. त्यामुळे घड्याळ तेच असले तरी वसंत ऋतूत तेथे सूर्य अर्ध्या तासाहून अधिक उशिरा मावळतो. वाळूवरचा सूर्यास्त पाहायचा आणि त्यापूर्वी जेवायचेही, अशी ओढाताण टाळायची तर शिदोरी बरोबर घ्यावी आणि चालकाला निघण्याची वेळ स्थानिक सूर्यास्तावरून सांगावी, घरच्या सवयीवरून नव्हे. थांबण्याचा आकार, रात्रीचा भत्ता, पथकर, वाहनतळाचे शुल्क आणि रिकाम्या परतीचे किलोमीटर यांतील काय भाड्यात आहे आणि काय नाही, हे तेथे निघण्यापूर्वी एका कागदावर किंवा संदेशात लिहून घ्यावे. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान किलोमीटर धरण्याची पद्धत सर्वत्र आहे. तो आकडा न विचारता केलेली किंमत ही किंमतच नसते. गाडी स्वतः चालवण्यासाठी घेतली असेल, तर ताब्यात घेताना सर्व बाजूंची छायाचित्रे काढावीत. जुन्या ओरखड्यांवरून होणारे बहुतेक वाद त्यामुळे उद्भवतच नाहीत.

आता शेवटचे कलम, ज्याची पाळी कोणावर येऊ नये. भाड्याच्या गाड्यांत मागच्या आसनाचे पट्टे बहुधा नव्या कोऱ्या आवरणाखाली गाडले गेलेले असतात. ते निघण्यापूर्वी बाहेर काढायला सांगावे. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योजक सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मोटारीत मागच्या आसनावर बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. उत्तम बनावटीची गाडी असूनही मागचे आसन सुरक्षित असते हा समज त्या दिवशी खोटा ठरला. तरीही दुर्दैवाने काही घडलेच, तर 112 हा आपत्कालीन क्रमांक, महाराष्ट्रात 108 ही रुग्णवाहिका आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा साहाय्य क्रमांक लक्षात ठेवावा. मे 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींना नियुक्त रुग्णालयांत पहिले सात दिवस, 1.5 लाख रुपयांपर्यंत, रोख न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. दुसऱ्याच्या अपघातात सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास कलम 134-अ संरक्षण देते. रस्त्यावर पडलेल्याला उचलताना ‘पोलिसांचे लचांड मागे लागेल’ ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही.

हे सारे वाचून एखाद्याला वाटेल की देवदर्शनाला निघताना इतकी चौकशी करायची तर निघायचेच कशाला. चौकशी पाच मिनिटांची आहे. पाटीचा रंग कोणता, परवाना कोठपर्यंत, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र कधीपर्यंत, आदल्या रात्री चालक कोठे होता, मागचे पट्टे चालतात का, आणि भाड्यात काय धरलेले नाही. हे सहा प्रश्न घरातील एखाद्या मुलामुलीने वहीच्या पानावर लिहून फोनजवळ ठेवावेत आणि पुढच्या वेळी गाडी ठरवताना त्यांनीच ते विचारावेत. चिचगडसारख्या गावात दहा घरांनी दोन-तीन वेळा हेच विचारले, की गाडीवाला अकराव्या घरी जाताना उत्तरे तयार ठेवील. त्यातला एखादा कदाचित पुढच्या दिवाळीपर्यंत पाटीही बदलून घेईल. त्याने तसे केले, तर त्याचा वाढीव दर घासाघीस न करता द्यावा.